हरणी समुद्रावर जाते

आमच्या बेळगावला समुद्र येतो तो बर्फात घातलेल्या बांगड्यांबरोबर, नाहीतर मिठाच्या पुड्यातून. आपण होऊन त्याच्याकडे जायचं तर अडीच हजार फूट खाली उतरावं लागतं. माणसं उतरतात, शनिवार-रविवार आला की अर्धं गाव गोव्याला नाहीतर वेंगुर्ल्याला असतं. पण घोडी घेऊन कुणी उतरल्याचं मी ऐकलं नव्हतं. मामांच्या डोक्यात ते आलं तोवर तरी.

मामांचा धंदा नवरदेवाच्या घोडीचा. श्रीवंदनाला आणि वरातीला त्यांची पांढरी हरणी आसपासच्या गावांत जाते. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणून घोडी चार महिने दावणीला. नुसतं उभं राहून घोड्याचे पाय भरतात. खाली सूज धरते, फिरवलं की उतरते. आता फिरवायला मार्कंडेयचा काठ आहे, शेतांचे बांध आहेत. पण रेसच्या घोड्यांना समुद्राच्या पाण्यात चालवतात, असं मामांना कुणीतरी सांगितलं आणि झालं.

"खरं मामा, नदी हाय की आपली," मी म्हटलं. (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याचे पाहुणे इथे हमखास फसतात.)

"नदीला मीठ हाय काय?" मामा म्हणाले. विषय संपला.

माझा आपला संशय असा की पाय हे निमित्त. तीस वर्षं मामा घोडीच्या पुढून लगाम धरून चाललेत. पाठीवर बसले ते सगळे नवरदेव: घामाघूम, एका हाताने फेटा आणि दुसऱ्याने खोगीर गच्च धरलेले. ज्याला घोडा कळतो असा माणूस हरणीच्या पाठीवर कधी बसलाच नव्हता. बसायचं तर कुठे? गावात बसले तर लोक विचारणार, मामा, लग्न कुणाचं?

दिवस ठरला तो कोजागरीनंतरचा, वद्य द्वितीयेचा. कोकणातला हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. ओहोटीच हवी. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याचा पाय रुततो आणि शिरांवर ताण येतो, तर पाणी नुकतंच सोडून गेलेली ओली वाळू कशी, शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट असते.

रात्री दोनला पिकअपमध्ये पिंजार पसरून हरणीला चढवलं. खोगीर, झूल, गोंडे, आरशांची पट्टी सगळं घरी. खाऱ्या पाण्याने चामडं जातं. शिनोळीच्या पुढे आंबोलीची वाट धरली. घाटातल्या प्रत्येक वळणाला मागून टापांचा आवाज यायचा, ती तोल सावरत होती. सावंतवाडीत चहा झाला आणि उजाडता उजाडता शिरोडा. वाटेत मिठागरं लागली. १९३० साली इथेही मिठाचा सत्याग्रह झाला होता. मी ते मामांना सांगायला लागलो, पण त्यांचं सगळं लक्ष मागच्या फळीकडे.

समुद्र दिसण्याआधी हरणीला तो ऐकू आला. कान पुढे ताठ झाले. घोडा मारवाडी रक्ताचा असला की कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, तशी तिची टेकली आणि तिथेच राहिली. मला वाटलं, आता ही उधळणार. पण गाजेला ती भ्यायलीच नाही. डॉल्बीच्या भिंतीपुढे उभी राहिलेली घोडी ती. फटाक्यांची माळ पायाशी फुटली तरी फक्त शेपटी हलवते. मामा नेहमी अंकलीच्या अश्वांची गोष्ट सांगतात. चिकोडी तालुक्यातल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी माउलींचे अश्व आळंदीला चालत निघतात, १८३२ पासूनची ही परंपरा. पुढे वारीत हजारो माणसांच्या मधोमध रिंगणात धावतात. "गर्दीला घोडं भीत नाही, सवयीचं काम ते," हे मामांचं त्यावरचं भाष्य.

मग ती भ्यायली कशाला? पाण्याच्या त्या पातळ पापुद्र्याला. लाट फुटते, बोटभर उंचीचं पाणी वाळूवर पसरत येतं आणि परत फिरतं. येताना हरणी नुसती बघत होती. परत जायला लागलं तशी चारही पायांनी मागे सरकली, नाकपुड्या फुलल्या, मानेवरची कातडी थरथरली. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण ऐन नाकासमोरचं आणि पायाशी लागून असलेलं दिसत नाही. तिच्या हिशेबी पाणी जात नव्हतं, जमीनच सरकत होती. मीही जाऊन उभा राहिलो आणि खाली बघितलं. टाचेखालची वाळू निसटली, डोकं गरगरलं. घोडीचं काही चुकत नव्हतं.

मी लगाम ओढायला गेलो तर मामा माझ्यावर खेकसले. स्वतः पाण्याच्या कडेला जाऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, दोरी सैल सोडून. तंबाखू मळली. जाळं झटकत बसलेला एक म्हातारा हसून म्हणाला, "दर्या खंय पळान जाता? बसा वायच." अर्धा तास काहीच घडलं नाही. चित्रांत घोडे किनाऱ्यावरून फेस उडवत दौडतात. त्याआधीचा हा अर्धा तास कुणी काढत नाही.

मग हरणीने मान खाली घातली आणि पाणी हुंगलं. जीभ लावली. वरचा ओठ उलटा वळवून दात दाखवले, अगदी कारल्याची भाजी वाढल्यावर पोरं करतात तसं तोंड. पुढची लाट खुरांवरून गेली तेव्हा ती उडी मारून बाजूला झाली, त्याच्या पुढच्या लाटेला अर्धीच उडी, आणि नंतर नुसताच एक पाय उचलला.

मामा आयाळ धरून उघड्या पाठीवर चढले. साठी उलटलेला माणूस, पण चढले. आधी पाण्याला समांतर चालवली, मग दुडकी. ओल्या वाळूवर टापांचा आवाज येत नाही, फक्त थप्-थप् असं काहीतरी, आणि मागे उमटलेल्या खुरांत हळूच पाणी भरत होतं. शंभर-दीडशे पावलं गेली असतील. मामांची पाठ अशी ताठ मी कधी बघितली नव्हती.

परत फिरताना ती गुडघाभर पाण्यात थांबली आणि पुढच्या पायाने पाणी उडवायला लागली. छप्, छप्. मामा खूश. "बघ, खेळालीय!" मला मात्र आमच्या म्हशी आठवल्या. पुढचे गुडघे वाकले.

"थांब! ए थांब!" मी ओरडलो.

हरणी गोकाककडची. तिच्या आधीच्या मालकाची भाषा कन्नड. मामांना आठवलं, पण एक क्षण उशिरा. "निल्ल! निल्ल!" म्हणेपर्यंत घोडी आरामात आडवी झाली होती आणि मामा विजारीसकट अरबी समुद्रात बसले होते. आजवर एकही नवरदेव न पाडलेली घोडी. जाळ्याचं काम टाकून म्हातारा पोट धरून हसत होता. मामाही हसत होते, मिशीतून पाणी गळत होतं.

नळावर नेऊन तिला गोड्या पाण्याने धुतली. तरी घरी पोचेपर्यंत पायांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मामांच्या हातावरचं वाळलेलं मीठ तिने आंबोलीच्या चढावर गाडी थांबवली तेव्हा चाटून साफ केलं. पायांची सूज उतरली म्हणता? थोडी. तेवढी ती मार्कंडेयच्या काठावरही उतरली असती.

संध्याकाळी मामींनी परसात बादली ओतली. पाणी फरशीवरून पसरत दावणीपर्यंत गेलं. हरणीने उजवा पाय अलगद वर उचलला आणि तशीच उभी राहिली, पाणी परत जायची वाट बघत.