पडदा नेमका कुठे थांबवायचा: आमची वाटचाल

चित्रपटातून नेतृत्व शिकवायचं म्हणजे नायकाचं भाषण दाखवून टाळ्या घ्यायच्या, लोकांच्या या समजुतीने, दृश्यं आणि उतारे घेऊन नेतृत्वाच्या कार्यशाळा चालवणारी आमची संस्था चौथ्या वर्षी बंद पडता पडता राहिली. एका संस्थेने आमच्या दृश्यांची यादी जशीच्या तशी उचलली, एका दिवसात 20 तुकडे दाखवले आणि प्रत्येकाखाली सुविचार लिहिला. आमची मोठी कामं तिकडे गेली. आम्ही दिवसभरात एक दृश्य आणि एक उतारा घेतो, ते लोकांना कमी वाटलं. हे आजही खुपतं, कारण दृश्य नेमकं कुठे थांबवून लोकांना विचारायचं, ती जागा त्या यादीत लिहिलेलीच नव्हती.

'12 अँग्री मेन' (1957) घ्या. बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' हा त्याचाच हिंदी अवतार. खुनाचा आरोप असलेला मुलगा दोषी की निर्दोष, हे ज्युरीने, म्हणजे निवाड्यासाठी बसवलेल्या 12 सामान्य नागरिकांनी, एकमताने ठरवायचं असतं. पहिलं मतदान 11 विरुद्ध 1, 'दोषी'च्या बाजूने. विरोधात एकटा पडलेला आठवा माणूस खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू टेबलावर रोवतो, वाद पेटतो, पण मत कुणाचंच बदलत नाही. त्याच्या पुढच्या प्रस्तावाआधी थांबवायचं. पडदा पूर्ण काळा करायचा. चित्र गोठवून ठेवलं तर लोक नटाच्या चेहऱ्यात उत्तर शोधतात. दिवे अर्धे, हातात कार्ड, 4 मिनिटं, प्रश्न एकच: आता तुम्ही काय कराल? बहुतेक कार्डांवर 'आणखी पुरावे मांडीन' असंच येतं. मग पुढचं दाखवायचं. तो गुप्त चिठ्ठ्या टाकायला सांगतो, स्वतः मत देत नाही, आणि अकराही चिठ्ठ्या 'दोषी' निघाल्या तर विरोध सोडतो म्हणतो. एक चिठ्ठी 'निर्दोष' निघते. चिठ्ठी गुप्त का आणि तो स्वतः बाहेर का राहिला, एवढ्यावरच आमची 40 मिनिटं जातात.

गट चालवणाऱ्यांनो, कार्डं गोळा होईपर्यंत कुणालाही बोलू देऊ नका. साहेब आधी बोलले की उरलेली सगळी उत्तरं साहेबांची होतात. चित्रपट पाहिलेल्यांना वेगळं काम द्या: कुणी कुणाचं बोलणं तोडलं, त्याची नोंद. आणि घरगुती डिस्कवर कार्यशाळा चालवू नका, सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

उताऱ्यासाठी शेक्सपियरचं नाटक 'ज्युलियस सीझर'. ब्रूटस आणि कॅसियस हे सीझरला मारणाऱ्या कटाचे म्होरके, अँटनी सीझरचा मित्र. अँटनीला जिवंत ठेवणं, त्याला अंत्यविधीत बोलू देणं, शेवटच्या लढाईसाठी सैन्य फिलिपायला नेणं: तिन्ही वेळा कॅसियसचा विरोध, तिन्ही वेळा ब्रूटसचा शब्द अखेरचा. ब्रूटस चुकला हे सगळेच सांगतात. आम्ही कॅसियसबद्दल विचारतो: बरोबर असूनही तो दर वेळी माघार का घेतो?

त्या पडत्या वर्षात एका कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी तेवढे आमच्याबरोबर राहिले. कार्यशाळा आवडली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. 3 महिन्यांनी ते बैठकीची नोंद पाठवायचे: आधी कोण बोललं, विरोध कुणी केला, निर्णय कुणी फिरवला. तेच तीन रकाने आज आम्ही प्रत्येक गटाला देतो.