तुम्ही विचारलंत म्हणून : आमदारांनी तेलाचे काय ठरवायचे असते?

पुण्यात आलो की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मी कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या उत्तरेला राहतो. आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर तेलविहिरी आहेत आणि त्यांच्याविषयीच्या विधेयकावर बोलण्यासाठी २०१९ साली मी रजा काढून राज्याच्या विधिमंडळात गेलो होतो, हे घरच्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "तेल आणि गॅस म्हणजे दिल्लीचा विषय, तुमच्याकडचे आमदार त्यात काय ठरवतात, आणि तुम्ही त्यात का पडता?" असे काकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी विचारलेले आहे.

भारतापुरते काकांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या राज्यघटनेने तेल आणि खनिज तेलाची साधनसंपत्ती संघसूचीत ठेवली आहे. गुजरातने २००१ साली वायूविषयी स्वतःचा कायदा केला, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की नैसर्गिक वायूवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचाच आहे. १९७४ साली तेल सापडलेले बॉम्बे हाय मुंबईच्या समुद्रात असले, तरी त्यावरचा हक्क केंद्राचा आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत तेलाची चर्चा होते ती मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरच्या कराच्या निमित्ताने.

अमेरिकेत मुळातच गोष्ट वेगळी आहे. तिथे खासगी जमिनीखालचे तेल सहसा सरकारचे नसते, ते खासगी मालकीचे असते, आणि वरची जमीन एकाची व खालचे खनिज दुसऱ्याचे असेही चालते. आम्ही घर घेतले तेव्हा कागदपत्रांच्या गठ्ठ्यात एक ओळ होती : या भूखंडाखालील खनिजांचे हक्क पूर्वीच्या मालकाने राखून ठेवले आहेत. मी सही केली आणि तिचा अर्थ मला पुढे कित्येक महिन्यांनी समजला. केंद्राच्या मालकीच्या जमिनी सोडल्या तर कोणी, कुठे, किती अंतरावर विहीर खणायची, हे नियम प्रामुख्याने राज्यच करते. म्हणून आमदारांनी कायद्यात कोणता शब्द घातला, यावर आमच्या अंगणापलीकडे काय उभे राहील हे ठरते.

मी शब्द म्हणतो तो अक्षरशः. कोलोरॅडोत तेल-वायूवर देखरेख करणारे कमिशन १९५१ सालापासून आहे आणि त्याच्या कायद्यात तेल-वायूच्या विकासाला 'चालना देणे' असे क्रियापद होते. जबाबदारीने, समतोल राखून, असे शब्द सोबत होते. आरोग्य आणि पर्यावरण यांचाही उल्लेख होता, परंतु ज्या संस्थेने लगाम धरायचा, तिनेच चालनाही द्यायची होती. काही तरुणांनी कमिशनकडे मागणी केली होती की लोकांच्या आरोग्याला आणि पर्यावरणाला बाधा येत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय परवाने देऊ नयेत. कमिशनने नकार दिला, वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तो नकार तत्कालीन कायद्याला धरून असल्याचा निर्णय दिला. त्याआधी २०१६ साली लाँगमाँट आणि फोर्ट कॉलिन्स या शहरांनी फ्रॅकिंगवर (म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) घातलेले निर्बंधही त्याच न्यायालयाने रद्द केले होते. न्यायालयांना मी दोष देत नाही. कायद्यात प्राधान्य ज्या क्रमाने लिहिले होते, त्या क्रमाने त्यांनी ते वाचले.

१७ एप्रिल २०१७ रोजी कोलोरॅडोतल्याच फायरस्टोन या गावात एका घरात स्फोट झाला. घरापासून दोनशे फुटांच्या आत १९९३ सालची विहीर होती. घर पुष्कळ नंतरचे. विहिरीपासून निघालेली एक इंच व्यासाची जुनी नळी घराच्या पायाजवळच तुटून पडली होती, आणि ती वापरात नाही असा समज असूनही दुसरे टोक विहिरीला जोडलेलेच होते. काही काळ बंद असलेली विहीर पुन्हा सुरू झाल्यावर वायू मातीतून झिरपत तळघरात साठला. घरोघरी येणाऱ्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात; विहिरीवरच्या कच्च्या वायूत तो नसतो, त्यामुळे कोणाला सुगावा लागला नाही. तळघरात पाणी तापवण्याची टाकी बदलणारे दोघे जण दगावले. त्या रात्री मी टॉर्च घेऊन आमच्या तळघरात उतरलो आणि हवेत काही आहे का ते हुंगत राहिलो. वास नसलेल्या वायूसाठी ते व्यर्थ होते, हे मला दुसऱ्या दिवशी वाचल्यावर कळले.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या विहिरी घरांपासून अडीच हजार फूट दूर ठेवण्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे आला आणि पडला. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, तेल-वायूचा कायदा बदलणारे विधेयक १९-१८१ आले; मी बोलायला गेलो ते हेच. सादर झाल्यावर काही दिवसांतच त्याची सुनावणी लागली. एवढी घाई नको होती, असे मला आजही वाटते. दुपारी सुरू झालेली सुनावणी मध्यरात्र उलटली तरी चालूच होती. बोलायला काही मिनिटेच मिळत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ग्रीलीहून आलेला, विहिरींवर काम करणारा एक तरुण होता. घडी पडलेला कागद तो पुन्हा पुन्हा उघडून वाचत होता. त्याने कर्जाचे हप्ते आणि मुलीची शाळा यांविषयी सांगितले, मी तळघराविषयी. बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो. काम जाण्याची त्याची भीती खोटी नव्हती. राज्यातले बहुतांश तेल, ग्रीली ज्यात येते त्या वेल्ड काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) निघते आणि तिथल्या शाळा, रस्ते त्या उद्योगाच्या मालमत्ताकरावर चालतात.

गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी १६ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे फायरस्टोनच्या दुर्घटनेला दोन वर्षे पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, विधेयकावर सही केली. 'चालना देणे' गेले, 'नियमन करणे' आले, आणि ते सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण व वन्यजीव यांचे रक्षण होईल अशाच रीतीने करावे अशी अट आली. विहीर कुठे असावी, याबाबत शहरांना आणि काउंटींना अधिकार मिळाले. कमिशन पूर्णवेळ काम करणाऱ्या पाच सदस्यांचे झाले. २०२० साली त्याने नव्या विहिरींसाठी घरापासून दोन हजार फुटांचे, म्हणजे सुमारे सहाशे मीटरचे अंतर ठरवले. आधी ते पाचशे फूट होते. नव्या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांवर वाद होतात, पण आता अपवाद मागणाऱ्याला कारण द्यावे लागते. तेलउत्पादन त्यानंतर बंद पडलेले नाही.

दोन हजार फूट हे नव्या विहिरींचे अंतर आहे. जुन्या विहिरी जिथे होत्या तिथेच आहेत, आणि फायरस्टोनची विहीर जुनीच होती. उत्पादन आटलेली विहीर सिमेंटने नीट बंद करायला मोठा खर्च येतो आणि मालक कंपनी बुडाली की तो राज्याच्या गळ्यात पडतो. कंपन्यांकडून आधीच तारण घेण्याचे नियम २०२२ साली कडक झाले. ते तारण अखेरच्या विहिरीपर्यंत पुरेल का, हे आमच्या भागाच्या आमदारांना मी पत्राने विचारले आहे. विधिमंडळाचे अधिवेशन जानेवारीत सुरू होते आणि मी पुन्हा रजा काढणार आहे.