मक्याच्या खोक्यातला गहू

माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिचे हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत होते, उंची वाढत नव्हती, आणि जेवणानंतर पोट दुखते ही तिची तक्रार आम्ही बरेच दिवस शाळेचा कंटाळा समजून सोडून दिली होती, याची खंत मला आजही आहे. रक्ताची आणि मग लहान आतड्याच्या अस्तराची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितले, की गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या आतड्यातले, अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजले आहेत, आणि ही धान्ये आयुष्यभर पूर्ण वर्ज्य करणे हाच त्यावरचा उपचार आहे.

आम्ही अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात राहतो. पोळी बंद झाली, तरी भात, ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांमुळे आमचे निम्मे स्वयंपाकघर आधीपासूनच सुरक्षित होते, आणि दवाखान्यातून मिळालेल्या यादीत मकाही चालणाऱ्या धान्यांमध्ये होता. आपल्याकडे पिठल्याबरोबर भाकरी, तशी इथे उसळीसारख्या शिजवलेल्या घेवड्याबरोबर कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाची भाजलेली जाड पोळी, असते, आणि लेकीला ती शाळेमुळे फार आवडू लागली होती. गव्हाचा पाव गेला तरी निदान ही एक गोष्ट तिला तिच्या मैत्रिणींसारखी खाता येईल, या आनंदात मी तयार मिश्रणाचा खोका आणला आणि दर रविवारी त्याचे मफिन करू लागले.

सहा महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा या आजारात ग्लूटेनमुळे रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीज अपेक्षेइतक्या उतरल्या नव्हत्या. आहारतज्ज्ञ बाईंनी घरातली सगळी पाकिटे घेऊन यायला सांगितले. त्यांनी तो खोका हातात घेऊन उलटा केला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. पुढच्या बाजूला पिवळेधमक कणीस होते. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत पहिला शब्द गव्हाच्या पिठाचा होता आणि मक्याचे पीठ दुसरे होते. खाली ठळक अक्षरांत ‘गहू आहे’ अशी सूचनाही होती. कंपनीने काहीही लपवले नव्हते. सोया सॉसपासून बिस्किटांपर्यंत प्रत्येक पाकीट वाचणाऱ्या मी हा एकच खोका वाचला नव्हता, कारण त्याच्या नावात मका होता.

मक्याच्या पदार्थात गहू का घालतात, हे मला त्यानंतर समजून घ्यावेसे वाटले. मक्यातल्या झीन या प्रथिनाला गव्हातल्या ग्लूटेनसारखा चिवटपणा नसतो. बेकिंग पावडरमुळे पिठात जे वायूचे बुडबुडे तयार होतात ते धरून ठेवायला ग्लूटेनची जाळी लागते. ती नसली, की पदार्थ कमी फुगतो आणि कापताना भुगा होतो. ज्वारीची भाकरी थापताना आपण पिठावर आधणाचे पाणी का ओततो, हे ज्याला माहीत आहे त्याला ही अडचण लगेच कळेल. शिवाय इथल्या जुन्या लोकांकडून असे ऐकायला मिळते, की दगडी जात्यांऐवजी पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, मक्याचा अंकुर काढून टाकलेले कोरडे पीठ बाजारात आले, आणि त्याची गेलेली गोडी व ओलावा भरून काढण्यासाठी कॉर्नब्रेडमध्ये साखर आणि गव्हाचे पीठ शिरले. मिशिगन राज्यातल्या चेल्सी मिलिंग कंपनीचा ‘जिफी’ हा छोटा निळा-पांढरा खोका इथे घरोघरी असतो, आणि त्याच्या कॉर्न मफिन मिश्रणातही गव्हाचे पीठ आहे. (आमच्या घरी आलेला खोका दुसऱ्याच कंपनीचा होता.) अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘सेल्फ-रायझिंग कॉर्नमील मिक्स’ नावाची पिशवी मिळते, तीही नुसत्या मक्याच्या पिठाची वाटते, पण तिच्यातही पुष्कळदा गहू असतो.

वाचणे म्हणजे नेमके काय वाचणे, हे मी इथे जरा विस्ताराने लिहिते, कारण माझी चूक दुसऱ्या आईकडून होऊ नये असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतल्या २००४ च्या कायद्याप्रमाणे पाकिटातल्या पदार्थात गहू असेल तर तसे स्पष्ट लिहावेच लागते आणि ही सक्ती २००६ पासून लागू आहे. मात्र ती फक्त गव्हाची आहे. बार्ली आणि राय तिच्यात येत नाहीत. म्हणून ‘गहू नाही’ याचा अर्थ ‘ग्लूटेन नाही’ असा होत नाही. अनेक कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचा माल्ट असतो, आणि तिथेही आपण मक्याच्या नावावर विसंबतो. ‘ग्लूटेन फ्री’ हे शब्द छापणे ऐच्छिक आहे, पण छापले तर अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या नियमानुसार त्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. ग्लूटेनरहित पदार्थांना प्रमाणपत्र देणाऱ्या जीएफसीओ या संस्थेचे प्रमाणचिन्ह असेल तर मर्यादा आणखी कडक, म्हणजे १० मिलिग्रॅमची असते. ‘या कारखान्यात गहूही हाताळला जातो’ ही सूचना मात्र सक्तीची नाही, त्यामुळे ती नसणे हा कसलाच पुरावा नव्हे.

साध्या मक्याच्या पिठाबाबत हाच शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. यादीत फक्त ‘मका’ लिहिलेले असले, तरी तो मका गव्हाच्याच गिरणीत दळला गेलेला असू शकतो. ओरेगॉनमधली बॉब्ज रेड मिल ही कंपनी मक्याचे साधे पीठही विकते आणि ‘ग्लूटेन फ्री’ असे लिहिलेले पीठही विकते, आणि दोन्ही पिशव्या दिसायला इतक्या सारख्या असतात, की घाईत चुकीची उचलली जाते. त्याच कंपनीचे ग्लूटेनरहित कॉर्नब्रेडचे तयार मिश्रण आम्ही वापरले आहे, तसेच क्रस्टीझ या दुसऱ्या कंपनीचेही. क्रस्टीझचे मधाच्या चवीचे आहे आणि ते मुलांना आवडते. मला ते फार गोड लागते. अशा मिश्रणांत गव्हाऐवजी तांदळाचे पीठ किंवा निरनिराळे स्टार्च आणि बांधणीसाठी झँथन गम असतो. त्यांची किंमत साध्या खोक्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि दर आठवड्याला घेणाऱ्या घराला ती जाणवते.

आमचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो शेजारच्या आजींनी. त्यांना सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांच्या आईने कॉर्नब्रेडमध्ये गव्हाचे पीठ कधीच घातले नाही, आणि साखर तर नाहीच. दोन कप मक्याचे पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा मीठ, दोन अंडी आणि पावणेदोन कप घट्ट ताक, एवढेच साहित्य. दहा इंची बिडाची कढई दोन मोठे चमचे तेल घालून ४५० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये कडकडीत तापवायची, आणि पीठ तिच्यात ओतल्यावर चर्र असा आवाज आलाच पाहिजे; तो आला नाही तर खालची खरपूस कड येत नाही. वीस ते पंचवीस मिनिटांत कॉर्नब्रेड तयार होते. ती भुसभुशीत असते, पण मोडत नाही, आणि मक्याची चव खोक्यातल्या मिश्रणापेक्षा कितीतरी स्वच्छ लागते.

आजींनी आपली जुनी कढई आम्हाला देऊ केली होती. ती नाकारताना मला फार अवघड वाटले, कारण तिच्यात कित्येक वर्षे गव्हाचेही पदार्थ झाले होते आणि बिडाच्या मुरलेल्या थरात काय राहिले असेल हे सांगता येत नाही. त्यांनी ते लगेच समजून घेतले. इथून जवळच्या साउथ पिट्सबर्ग गावात लॉज कंपनीचा १८९६ पासूनचा बिडाच्या भांड्यांचा कारखाना आहे. तिथून आम्ही नवी कढई आणली आणि तिच्यावर तेलाचा पहिला थर आजींनीच चढवून दिला. त्याच दुपारी त्यांनी मक्याच्या पिठावर उकळते पाणी ओतून, हाताने चपटे गोळे थापून ते तेलात तळून दाखवले. त्याला इथे ‘हॉट वॉटर कॉर्नब्रेड’ म्हणतात. पाणी ओतताना मी त्यांना थांबवले आणि आमची भाकरीही अशीच उकड काढून करतात हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला पुढच्या रविवारी ज्वारीचे पीठ घेऊन यायला सांगितले.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्याच मसाल्याच्या डब्यातून निघाली. खोक्याचा धडा मिळाल्यावर मी घरातली प्रत्येक डबी पुन्हा वाचली, आणि भारतातून आणलेल्या हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले सापडले. बांधणीच्या हिंगात ते अनेकदा असते. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, तो शोधून घ्यावा लागतो. रोजच्या वरणाच्या फोडणीत ते चिमूटभर पडत होते.

दोन्ही गोष्टी बंद केल्यावर पुढच्या तपासणीत अँटीबॉडीजचा आकडा पुष्कळ खाली आला होता. गेल्या थँक्सगिव्हिंगला आजींनी टर्कीबरोबरचे ड्रेसिंग, म्हणजे पाव कुस्करून भाजलेला पदार्थ, आमच्या कढईतल्या कॉर्नब्रेडचे केले, आणि टेबलावर ते सर्वांत आधी माझ्या लेकीला वाढले.