प्रेशर आलं की सांगा

मणक्याच्या दुखापतीनंतर युरॉलॉजिस्टनी मला दरवर्षी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली आहे. माझी दुखापत डी-४ची, म्हणजे छातीच्या भागातल्या चौथ्या मणक्याच्या पातळीची. छातीखाली संवेदना नाही, त्यामुळे मुतखडा झाला किंवा किडनीला सूज आली तरी दुखणार नाही. क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीसाठीच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, विसंबून राहता येत नाही. स्नायू झिजलेले असले की किडनी बिघडूनही तो आकडा नॉर्मल दिसू शकतो.

नौपाड्यातल्या सोनोग्राफी सेंटरला रॅम्प आहे, नंबरही लवकर लागला. अडलं ते काउंटरवर. “पाणी प्या, प्रेशर आलं की सांगा.” म्हटलं, ताई, मला प्रेशर कळतच नाही, मी कॅथेटर घालून लघवी काढतो. “मग थांबा सर, प्रेशर आल्याशिवाय आत घेत नाहीत.” हेच उत्तर पुन्हा पुन्हा. मागून आलेले लोक सोनोग्राफी करून घरी गेले. आणि माझ्या कपाळावर घाम फुटला, डोकं ठणकू लागलं. डी-६ किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना हे माहीत असतं: मूत्राशय तट्ट भरलं की बीपी झपाट्याने चढतं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. यात जीवही जाऊ शकतो. बायको मला आडवं करायला निघाली होती, तिला थांबवलं. अशा वेळी ताठ बसायचं आणि लघवी काढायची. पण टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर जाईना. शेवटी बायकोने आवाज चढवला तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांना एका वाक्यात कळलं. आत नेऊन आधी थोडी लघवी काढू दिली, डोकेदुखी उतरल्यावर सोनोग्राफी केली, मग पूर्ण रिकामं करून उरलेली लघवी मोजली. किडन्या ठीक आहेत हे ऐकून बायको रडलीच.

म्हणून चिठ्ठीवर ‘न्यूरोजेनिक ब्लॅडर, सीआयसी’ (म्हणजे नसांच्या बिघाडामुळे मूत्राशयावर ताबा नाही, ठरावीक वेळाने कॅथेटर घालून लघवी काढतो) ठळक लिहून घ्या आणि आदल्या दिवशी फोनवर डॉक्टरांशीच बोला. मूत्राशय घड्याळ बघून भरा. चारशे-पाचशे मिलीच्या पुढे ताणू नका. फोलीची, म्हणजे कायम आत ठेवलेली, नळी असेल तर नंबर जवळ आल्यावरच, डॉक्टरांना विचारून क्लॅम्प लावून बंद करा. पित्ताशय बघायचं म्हणून उपाशी जावं लागतं, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागा. हो, आदल्या रात्री पोट साफ करून घ्या, गॅस असला की नीट दिसत नाही. घरी मशीन आणता येईल का, असं बरेच जण विचारतात. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे मशीन नोंदणीच्या जागेबाहेर सहसा नेता येत नाही. टेबल किती उंच आहे आणि उचलायला माणूस मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.