६५ नंबरचा गडी

माहेरी कोल्हापूरला गेले की हा प्रश्न ठरलेला. "हातात धरून पळतात त्या अमेरिकन खेळाला फुटबॉल म्हणायचं, आणि त्यात तुम्हाला दिसतं तरी काय?" शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेल्या माणसांनी हे विचारणं साहजिकच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी अॅन आर्बरला राहते. इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतं. मॅचच्या शनिवारी गाडी रस्त्यावर काढायची सोय नसते. बरीच वर्षं माझा या खेळाशी संबंध एवढाच होता, वैतागाचा.

मग २०२३चा ११ नोव्हेंबर आला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, मी करंज्या लाटत होते आणि टीव्हीवर मिशिगनची पेन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धची मॅच. आदल्याच दिवशी मिशिगनचे कोच जिम हार्बॉ यांच्यावर तीन सामन्यांची बंदी आली होती. प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याचं प्रकरण. (कोचला किती माहीत होतं यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.)

नियम थोडक्यात असा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार. चेंडू लांब फेका, नाहीतर एकाच्या पोटाशी देऊन त्याला समोरच्या गर्दीत घुसवा. घुसून मिळतात तीन-चार यार्ड. बघायला रटाळ. आणि त्या दिवशी मिशिगननं शेवटचे सलग ३२ डाव (असा एकेक प्रयत्न म्हणजे एक डाव) नुसते घुसूनच काढले. मधे एक पास टाकला, तोही समोरच्यांच्या फाउलमुळे हिशेबात धरला गेला नाही. नवरा मोजत होता, "सत्तावीस... अठ्ठावीस..." माझी एक करंजी तेलात फुटली.

समोरच्यांना ठाऊक आहे काय येणार ते, तरी थांबवता येत नाही, हे कसं? म्हणून मी चेंडू सोडून पुढच्या पाच जणांकडे बघायला लागले. एकेक दीडशे किलोच्या आसपासचा. चेंडू त्यांनी पकडायचा नाही, पळवायचा नाही. समोरच्याला ढकलून दोन माणसं मावतील एवढी फट करायची, की मागून चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम सटकला. मॅच २४-१५ अशी जिंकली आणि हंगामी कोच शेरॉन मूर मैदानातच ओक्साबोक्शी रडले. ते मूळचे या पाच जणांचेच कोच, हे मला नंतर कळलं.

दोन आठवड्यांनी ओहायो स्टेट, म्हणजे हाडवैर. स्कोर १७-१७. त्या पाचांतला झॅक झिंटर, नंबर ६५, संघाचा कप्तान, पाय मोडून पडला. त्याला गाडीवरून नेलं तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडत होतं. पुढच्याच डावात, त्याच्या जागी दुसरा उभा असताना, कोरम २२ यार्ड पळत थेट टचडाउनला, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोचला. आणि बोटांनी दाखवलं: सहा, पाच.

पुढचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल. ओहायोला ३०-२४, रोझ बोल या उपांत्य सामन्यात अलाबामाला जादा वेळेत २७-२०, ८ जानेवारी २०२४ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३. पंधरापैकी पंधरा. १९९७नंतरचं पहिलं अजिंक्यपद. फायनलमध्ये नुसतं पळून ३०३ यार्ड काढले, म्हणजे तिथंही त्या पाचांचीच मजुरी. पण हार घालायची वेळ आली की कॅमेरा पळणाऱ्याकडे.

गेल्या खेपेला भाच्याला तो २२ यार्डांचा डाव मोबाईलवर दाखवला. म्हटलं, चेंडूकडे बघू नकोस, पुढच्या पाच जणांकडे बघ. "कसला पळला गं आत्ती!" म्हणाला.

परत पहिल्यापासून लावला.