आईला प्रशिक्षण दिले

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना ‘बाळाचे आईलाच कळते’ हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे की ते कधी तपासून पाहावे, असे माझ्या मनात आले नव्हते. ती वेळ आली एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, साडेतेराशे ग्रॅम वजनाच्या एका मुलीमुळे. रक्तदाब धोकादायक पातळीला गेल्याने तिच्या आईची तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि त्यानंतर आठ दिवस तिला स्वतःच्या खाटेवरून हलता येत नव्हते.

बाळ थोडे स्थिरावताच डॉक्टरांनी कांगारू पद्धत सुरू करण्यास सांगितले, म्हणजे केवळ लंगोट घातलेले बाळ उघड्या छातीवर उभे धरून कापडाने बांधून ठेवायचे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इनक्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे सुरू झालेली ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. पण आमच्या बोलण्यात ती ‘कांगारू मदर केअर’ असल्यामुळे की काय, आई येईपर्यंत थांबावे असे मी सुचवले. “वडील बाहेर बसले आहेत ना?” एवढेच डॉक्टर म्हणाल्या.

पहिल्या दिवशी ते गृहस्थ इतके ताठरून बसले होते की बाळाआधी त्यांचाच श्वास मोजावा, असे मला वाटले. तरी ते रोज येत राहिले आणि पाच-सहा तास बसू लागले. कमी दिवसांची बाळे मधूनच श्वास घ्यायची थांबतात. तसे झाले तर तळपायाला हलकेच चोळायचे, हे मी त्यांना दाखवून ठेवले होते.

नवव्या दिवशी आईला चाकांच्या खुर्चीतून आणले. बाळ तिच्या छातीवर ठेवले, तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि नजर सारखी मॉनिटरकडे जात होती. मी नळ्या नीट करत असताना वडील म्हणाले, “सिस्टर, ती थांबली आहे.” मॉनिटर शांत होता. त्यांनी वाकून तळपाय चोळला, बाळाने अंग ताणून श्वास घेतला आणि पाठोपाठ ऑक्सिजन उतरल्याची सूचना वाजली.

मला कौतुक वाटत होते, पण आई रडू लागली. “मी तिची आई आहे, माझ्या अंगावर असून मला कसे कळले नाही?” या प्रश्नात मला माझेच वाक्य ऐकू आले. आजवर त्या वाक्याने किती वडिलांना मी दाराबाहेर बसवले, हे तर होतेच. पण नऊ दिवस बाळापासून दूर राहिलेल्या बाईला तेच वाक्य अपराधी ठरवू शकते, हे मला प्रथमच दिसले.

देहाचा वाटा मी नाकारत नाही. त्या मुलीला नळीने मिळणारे दूध तिची आई आजारपणातही दर तीन तासांनी पंपाने काढून पाठवत होती, आणि ते काम वडिलांना करता आले नसते. मात्र बाळ ओळखणे ही निराळी गोष्ट आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या बाळाचे रडणे ओळखण्यात आई आणि वडील सारखेच तरबेज आढळले होते. दिवसाला चार तासांहून कमी वेळ बाळासोबत घालवणारे वडील तेवढे मागे पडले होते. त्या खोलीत मागे पडली होती ती आई, आणि कारण तेच होते.

वडील तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. “मॉनिटरकडे बघू नकोस,” ते तिला हळू आवाजात सांगत होते, “तो उशिरा सांगतो. तिच्या पाठीवर हात ठेव. थांबायच्या आधी ती दोन-तीन श्वास उथळ घेते, ते तळहाताला लागतात.” उथळ श्वासांचे मी त्यांना कधीच शिकवले नव्हते.

पाळी संपताना मी तक्ता भरायला घेतला. त्यात ‘आईला प्रशिक्षण दिले’ अशी छापील ओळ असते आणि तिच्यासमोर प्रशिक्षण देणाऱ्याचे नाव लिहायचे असते. सवयीने मी माझे नाव लिहू लागले होते. ते खोडून मी तेथे ‘वडील’ असे लिहिले.