देवयानीचा धुरकट ठिपका

काल रात्री गावी लाईट गेली, म्हणून भाचीला घेऊन गच्चीवर गेलो. शर्मिष्ठा या तारकासमूहापासून खाली सरकत दुर्बिणीत देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह, सापडली. आरशावर फुंकर मारल्यावर उमटतो तसा धुरकट ठिपका.

"मामा, सिनेमात बटण दाबलं की पोचतात की अशा ठिकाणी!"

मग हिशेबच मांडला. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे अंतराळयान सेकंदाला १७ किलोमीटर धावतंय. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं दूर, म्हणजे तिथला उजेड इथे पोचायला २५ लाख वर्षं लागतात. व्हॉयेजरच्या वेगाने चार हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. अख्ख्या विश्वाचं वय १३८० कोटी!

भाची गप्प झाली. मग दुर्बीण डोळ्याला तशीच धरून म्हणाली, "हा उजेड निघाला तेव्हा माणसं होती?"

आपल्यासारखी नव्हती गं.

लाईट आली तरी ती खाली यायला तयार नव्हती.